आठाचा तीन

मित्रांनो, पुढचं काही सांगण्याआधी जरा खाली वाका आणि माझी चाकं बघा. हवं तर फिरवून बघा. डावं बघा, उजवं बघा. कुठे घासलंय? कुठे डुगडुगतंय? नाही ना? आणि तरीही फुटबॉल लीगच्या कचेरीत एका फायलीला एक कागद लावलेला आहे. त्यात लिहिलंय की माझं चाक घासलेलं आहे आणि माझा भरवसा धरता येत नाही. खाली सही आहे. ज्या माणसाची ती सही, त्याच्या हातात मी एकेचाळीस वर्षं होते. म्हणून आज बोलतेय. एरवी मी बडबडी नाही.

माझ्या मुठीवर एक कोट टांगलाय, त्याकडे आत्ता लक्ष देऊ नका. त्याचं काय ते शेवटी येईलच.

मी फक्कीची गाडी. फक्की म्हणजे मैदानावर रेषा आखायची पांढरी पूड. माझं पोट पत्र्याचं, त्याला खाली एक फट. चाकं फिरली की आतला ब्रश फिरतो आणि फटीतून फक्की झरते. एवढंच माझं यंत्र. पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या पत्र्यातून एका दुपारी मला घडवलं, आणि घडवताना दोनदा बोट कापून घेतलं. जन्मताच शिव्या ऐकल्या, त्यामुळे स्वभाव थोडा तिखट झाला असेल. पण मित्रांनो, तिखट माणसं खोटं कमी बोलतात.

मला क्लबात आणलं आणि मैदान सांभाळणाऱ्या तरुणाच्या ताब्यात दिलं. त्याला सगळे दोरीकाका म्हणत. तेव्हा तो काका होण्याच्या वयाचाही नव्हता, पण दोरीशिवाय पाऊल टाकत नसे म्हणून नाव पडलं. आधी टेपने मोजायचं, दोन टोकांना खुंट्या ठोकायच्या, मध्ये दोरी ताणायची, आणि मग दोरीच्या कडेने मला चालवायचं. "दोरी खोटं बोलत नाही," असं तो म्हणायचा. रेषा मारून झाली की कोपऱ्यात जाऊन चक्क पालथा पडायचा, एक डोळा मिटायचा आणि रेषेवरून पार दुसऱ्या टोकापर्यंत बघायचा. गवताच्या पात्याएवढा बाक दिसला तरी झाडूने सगळं पुसून पुन्हा. मी कुरकुरायचे. माझं कोण ऐकतो? पण दुसऱ्या दिवशी खेळाडू म्हणायचे, काकांच्या रेषेवर पट्टी ठेवा आणि पट्टी सरळ आहे का ते बघा. तेव्हा माझाही पत्रा ऊन नसताना तापायचा.

माझं डावं चाक माझ्या जन्मापासूनचं नाही, हेही सांगायला हवं. मूळचं चाक दहाव्या वर्षी मोडलं. क्लब नवं आणून देईना. तेव्हा काकांची मुलगी नुकती चालायला लागली होती आणि तिची बाबागाडी अंगणात पडून होती. त्याने तिचं चाक काढून मला बसवलं. तेव्हापासून मी त्या मुलीला बहीण मानते. तिला पुढे चांगला जाड चष्मा लागला, बारीक कामाची मात्र भारी हौस. क्लबच्या जर्सींवर नंबर शिवायचं काम तिच्याकडेच आलं. शिवायची ती, पण सुईत दोरा ओवून द्यायचा बापाने. ती नुसती सुई पुढे करायची, हा दोऱ्याचं टोक जिभेला लावायचा आणि एका झटक्यात आरपार. गोलपोस्टच्या जाळ्याही तो स्वतःच सुई घेऊन विणायचा. साठी ओलांडली तरी त्याला चष्मा ठाऊक नव्हता.

आता त्या सीझनकडे येते.

आमच्या क्लबने बावन्न वर्षांत लीग जिंकलेली नव्हती. कोच होता काकांचा जावई. जावई चांगला होता, मी उगाच त्याला नावं ठेवणार नाही. हसतमुख, गोड बोलणारा, सासऱ्याला बाबा म्हणणारा. पण सीझनचा पहिला अर्धा भाग आमचा यथातथाच गेला. आमचे मागचे चार खेळाडू अंगाने पहाड आणि पायाने बैलगाडी. चेंडू मधून आला तर भिंत. पण कडेने कुणी चपळ पोरगा सुटला की हे चौघे धापा टाकत त्याची पाठ बघत राहायचे. घरच्या मैदानावर आम्ही तीन सामने असेच हातचे घालवले.

सीझनच्या मधोमध तीन आठवडे सुट्टी असते. त्या सुट्टीत जावई आमच्या कोठीत आला. कोठी म्हणजे जाळ्या, खुंट्या, फक्कीची पोती आणि मी. तो पालथ्या बादलीवर बसला. आजवर कधी आला नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला की मैदान दोन्ही कडांनी थोडं आत घेतलं, तर आपल्या गड्यांना कमी धावावं लागेल आणि समोरच्यांच्या पोरांना पळायला जागा राहणार नाही.

काका म्हणाला, हे नियमात बसत नाही. ते खरंच होतं. लीगमध्ये प्रत्येक क्लबने सीझनच्या सुरुवातीला आपल्या मैदानाची रुंदी कळवायची असते आणि मग सीझन संपेपर्यंत ती बदलता येत नाही. आमची कळवलेली होती अडुसष्ट मीटर.

जावयाने मान खाली घातली. "बाबा, पहिल्या तिनात आलो नाही तर मला नारळ मिळणार आहे. मग आम्हाला दुसऱ्या गावी जावं लागेल. तुमची मुलगीही लांब जाईल."

एवढं बोलून तो गेला. काका बराच वेळ दोरीच्या गाठी सोडवत बसला. त्या दोरीला गाठ नव्हतीच.

दोन दिवसांनी त्याने खुंट्या अडीच मीटर आत ठोकल्या. इकडून अडीच, तिकडून अडीच. अडुसष्टचे झाले त्रेसष्ट. कोपऱ्यातले झेंडे आत आले. जुन्या रेषांखाली गवत जळून पिवळं पडलं होतं, तर गोलमागची हिरवळ चौकोन चौकोन कापून त्याने त्या चट्ट्यांवर बसवली, पाणी मारलं, दाबली. त्या दिवशी तो पालथा पडला नाही, डोळा मिटून रेषा बघितली नाही. रेषा सरळच होती, मित्रांनो. ती मीच ओढली होती. मला तोंड असतं तर मी नाही म्हटलं असतं का? खरं सांगू? एकेचाळीस वर्षं वाट बघून मलाही कप हवा होता. तेव्हा धुतल्या तांदळाची मीही नाही.

मग काय, चमत्कार झाला. सुट्टीनंतर घरच्या मैदानावर आम्ही ओळीने सहा सामने जिंकले. चपळ पोरं रेषेपाशी येऊन अडखळायची, चेंडू बाहेर जायचा, आणि आमचे पहाड जागच्या जागी उभे राहून टाळ्या घ्यायचे. वर्तमानपत्रांत जावयाचे फोटो आले. लोक म्हणाले, काय डोकं आहे. आम्ही चौथ्यावरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून पहिल्यावर गेलो. काका मात्र सामना चालू असताना कोठीत बसू लागला. गोल झाला की आरडाओरडा ऐकायचा आणि माझ्याकडे बघायचा.

सातव्या सामन्याला आलेल्या संघाचा कोच म्हातारा होता. खेळ सुरू व्हायच्या आधी तो हात मागे बांधून या रेषेपासून त्या रेषेपर्यंत चालत गेला. कुणाला वाटलं, पाय मोकळे करतोय. तो पावलं मोजत होता. सामना आम्ही दोन-एक जिंकला, आणि त्याने तक्रार दिली.

दोन दिवसांनी लीगचा अधिकारी टेप घेऊन आला. टेपने सांगितलं, त्रेसष्ट.

आता पेच असा होता. मुद्दाम केलं असेल, तर त्या सात सामन्यांचे गुण कापणार आणि कप गेला. चूक झाली असेल, तर समज देऊन सोडणार. त्याच दुपारी क्लबचा सेक्रेटरी आणि जावई कोठीत आले. सेक्रेटरी हा कायम खिशात दोन पेनं बाळगणारा माणूस. एक सहीला आणि एक दुसऱ्याच्या सहीला. त्याने कोरा कागद काकापुढे ठेवला आणि मजकूर सांगायला लागला: वयामुळे माझी नजर अधू झाली आहे. टेपवरचा आठ मला तीन दिसला. त्यामुळे अडुसष्टऐवजी त्रेसष्ट मीटरवर रेषा मारली गेली. कोच किंवा क्लब यांना याची काही कल्पना नव्हती.

काका लिहीत गेला. स्वतःच्या डोळ्यांबद्दल लिहिताना त्याचा हात अडखळला नाही.

मग सेक्रेटरी म्हणाला की सगळा भार एकाच कारणावर नको, गाडीचंही घाला, चाक घासलंय म्हणा. तिथे काकाचं पेन थांबलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. डावं चाक त्याच्याच बाजूला होतं. अहो, चाक घासलं तर रेषा वाकडी जाईल, मैदान कसं आखडेल? एवढी साधी गोष्ट त्या खोलीत तिघांनाही कळत होती. मला वाटलं, इथे तरी हा माणूस पेन खाली ठेवेल. त्याने ठेवलं नाही. लिहिलं.

त्याने स्वतःवर घेतलं, ते त्याचं तो जाणे. मुलीपायी बाप काय काय करतो. पण मला कशाला गोवलं? ज्याच्या हाताखाली मी एकेचाळीस वर्षं सरळ चालले, त्याने एका ओळीत मला वाकडी करून टाकली. तो घाव माझ्या पत्र्याला अजून बुजलेला नाही.

सही झाल्यावर जावयाने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "कप आला की पहिला तुमच्या हातात देईन, बाबा. आणि हिला यातलं काही कळायला नको." हिला म्हणजे बायकोला. काकाने मान हलवली.

कागद चालला, लीगने नुसती समज दिली. शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता आणि कपाचा निकाल त्याच्यावरच होता. अधिकाऱ्याने स्वतः टेप धरला. पुरे अडुसष्ट. त्याच्यादेखत काकाने दोरी ताणली आणि मला चालवलं. रेषा झाल्यावर तो अधिकारी खाली वाकला, मग आणखी वाकला, आणि बराच वेळ बघत राहिला. काहीतरी विचारावं असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण त्याला गाडी गाठायची असावी. वहीत खूण करून तो गेला.

आणि मित्रांनो, त्या पुऱ्या अडुसष्ट मीटरवर आमचे पहाड असे धावले की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं. एक-शून्य. बावन्न वर्षांनी लीग आमची झाली. म्हणजे त्यांना धावता येत होतं! ते पाच मीटर चोरले नसते तर काय झालं असतं, हे आता कुणाला कळणार?

परवा सन्मानाचा कार्यक्रम झाला. मैदानाच्या मधोमध स्टेज घातलं होतं, कोवळ्या हिरवळीवर, त्याबद्दलही मी बोलत नाही. मी कोठीच्या दाराबाहेर होते, कारण आत नवी बॅटरीवरची गाडी आली होती. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी मुलगी. कप आला. कप्तानाने उचलला, मग अध्यक्षाने, मग सेक्रेटरीने, मग सेक्रेटरीच्या मेव्हण्याने. काकाच्या समोरून तो दोनदा गेला. पहिल्या वेळी त्याचे हात अर्धे पुढे झाले. मग त्याने त्याच हातांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

जावई माईकपाशी आला. सगळ्यांचे आभार मानले. मग हसून म्हणाला, "आमच्या सासऱ्यांना आठाचा तीन दिसला, मैदान आखडलं, पण आमचं मन काही आखडलं नाही!"

अख्खं मैदान हसलं. पहिल्या रांगेत मुलगीही हसली, तिला काय ठाऊक? जावयाने खिशातून एक डबी काढली आणि काकाला वर बोलावलं. कप नाही, चष्मा. क्लबतर्फे सप्रेम भेट. डोळे न तपासताच आणलेला. लोक टाळ्या वाजवत ओरडायला लागले, घाला, घाला. त्याने घातला. पायऱ्या उतरताना त्याला बिचाऱ्याला पायरी दिसेना, तर लोक आणखी हसले. म्हणाले, काकांची नजर खरंच गेली. मागून सेक्रेटरीने सांगून टाकलं की काकांना आता विश्रांती देण्यात येत आहे आणि नव्या गाडीसोबत नवा माणूस येईल.

मला फाटकाबाहेर भंगाराच्या ढिगावर टाकलं. शेजारी एक फुटकी बादली होती, तिच्याशी बोलण्यासारखं काही नव्हतं. ऊन उतरताना काका आला. चष्मा काढून खिशात ठेवला, मला उभं केलं आणि मूठ धरली. माझ्या पोटात थोडी फक्की उरली होती आणि फटीचं झाकण आदळून तुटलं होतं. त्यामुळे क्लबच्या फाटकापासून त्याच्या दारापर्यंत रेषा पडत गेली. शिंप्याच्या दुकानावरून, औषधांच्या दुकानावरून, दोन वळणं घेऊन. ना दोरी, ना खुंट्या. घरी पोचल्यावर तो अंगणातल्या पायरीवर बसला आणि बोटाने माझं डावं चाक फिरवत राहिला.

"चुकलं गं माझं," तो म्हणाला.

ऐकलं मी. पण लगेच विरघळून जायला मी काही साखर नाही.

आज सकाळी मुलगी आली. दुपारी साडेतीनला शहरातून मिरवणूक निघायची आहे आणि सगळ्या जर्सींवर विजयाचा एकेक तारा शिवायचा होता. शिवाय नवऱ्याच्या कोटावरही. पिशवी खाली ठेवून ती म्हणाली की रस्त्यावर कुणीतरी किती सरळ रेषा मारली आहे, मी तिच्यावरूनच चालत आले. मग माझ्याकडे लक्ष गेलं. वाकून तिने माझं चाक फिरवून बघितलं. तिचंच चाक ते.

काकाने घाईघाईने खिशातला चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. ती पायरीवर बसली आणि नेहमीसारखी, न बघता, सुई पुढे केली. त्याने घेतली. दोऱ्याचं टोक जिभेला लावलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. चष्म्यातून त्याला सगळं गढूळ दिसत असणार. तिसऱ्या वेळी त्याने सवयीने, वैतागून, चष्मा कपाळावर सरकवला आणि दोरा एका झटक्यात आरपार घातला.

मग त्याला कळलं आपण काय केलं ते. सुई तशीच हातात राहिली.

ती त्याच्याकडे बघत होती, जाड काचांमागून, आणि तिला सगळं दिसत होतं. "बाबा," ती म्हणाली, "आठाचा तीन कुणी केला?"

तो माझ्याकडे बघत बसला, जसं काही मी उत्तर देणार होते. तिला तेवढं पुरलं असावं. तिने त्याच्या कपाळावरचा चष्मा हळूच काढला, घडी घालून मांडीवर ठेवला आणि कामाला लागली. सतरा जर्सी, सतरा तारे. तो सुया ओवून देत गेला. एकदाही चुकला नाही. शेवटी कोट उरला. त्यावर तिने तारा लावला नाही. कोटाच्या वरच्या खिशात तो चष्मा ठेवला आणि कोट माझ्या मुठीवर टांगला. मग नवऱ्याला फोन लावला. म्हणाली, जर्सी तयार आहेत, कोट मात्र तू स्वतः येऊन घेऊन जा, तीन वाजता.

तर मित्रांनो, आता तीनला पाच कमी आहेत. बाप-लेक पायरीवर बसले आहेत आणि मधे चहा निवतोय. ती काय बोलणार आहे आणि तो काय सांगणार आहे, मला माहीत नाही. माझं मागणं तुमच्याकडे लहानसंच आहे. कुणी कुणाच्या चुकीची गंमत सांगून हसवायला लागला, तर हसण्याआधी त्या माणसाच्या हातात सुई-दोरा देऊन बघा. जुनं चाक एकदा फिरवून बघा आणि मगच त्याला घासलेलं म्हणा. आणि ज्याने तुमच्यासाठी जन्मभर सरळ रेषा मारल्या, त्याच्याकडून एक वाकडी मारून घेऊ नका. ती पुसायला झाडू नसतो.

फाटक वाजलं. तुम्ही जरा बाजूला सरका, त्याला कोट दिसू दे. पण जाऊ नका. मला तोंड नाही, साक्षीला कुणीतरी हवं.